पाच मिनिटं आणि एक घंटा

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलावर घंटा असायची. पहिल्यांदा वाजली की आवरतं घ्यायचं, दुसऱ्यांदा वाजली की थांबायचं, त्यापुढे बोललं तर गुण कापले जायचे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेळाव्यातही ही घंटा भेटते, पण तिथे ती वाजण्याची सगळा हॉल आनंदाने वाट बघत असतो. तिथल्या पाच मिनिटांच्या भाषणाला ‘लाइटनिंग टॉक’ म्हणतात.

घाटकोपरकरांना हा प्रकार बघायला लांब जायला नको. घाटकोपरहून स्लो लोकलने पुढचंच स्टेशन विद्याविहार. तिथल्या नीलकंठ बिझनेस पार्कात ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फ्रॅपे कंपनीचं ऑफिस आहे. फ्रॅपे आणि झिरोधा यांच्या पुढाकाराने 2020 मध्ये ‘फॉस युनायटेड’ ही मुक्त सॉफ्टवेअरची संस्था उभी राहिली आणि तिच्या मुंबईतल्या भेटी या ऑफिसातही भरल्या आहेत. अंधेरी-वर्सोव्याकडची मंडळी मेट्रोने घाटकोपरपर्यंत येतात, तिथून लोकल धरतात.

‘लाइटनिंग टॉक’ हे नाव मिळालं ते 2000 साली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पर्ल या संगणकभाषेचा मेळावा होता आणि मार्क जेसन डॉमिनस यांनी तिथे छोट्या भाषणांचं सत्र लावलं. पुढे याच कल्पनेला भावंडं झाली. टोकियोत 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘पेचाकुचा’त वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद. सिअ‍ॅटलच्या ‘इग्नाइट’मध्ये, 2006 पासून, वीस स्लाइड आणि प्रत्येकी पंधरा सेकंद, म्हणजे बरोबर पाच मिनिटं. या दोन्हींत स्लाइड आपोआप पुढे सरकते. वक्ता अडखळला तरी चित्र थांबत नाही, मग त्याची धावपळ होते आणि लोक हसतात.

साध्या लाइटनिंग टॉकमध्ये बंधन एकच, वेळेचं. एका तासात दहा भाषणं बसवायची तर पन्नास मिनिटं बोलण्यात जातात आणि अदलाबदलीला प्रत्येकी एकच मिनिट उरतं. सत्र कोसळतं ते याच एका मिनिटात. प्रत्येकाने आपला लॅपटॉप आणला, केबल लावली, प्रोजेक्टरने ओळख दाखवली नाही, की तीन मिनिटं गेलीच. म्हणून सगळ्यांच्या स्लाइड आधीच मागवून एकाच लॅपटॉपवर पीडीएफ करून ठेवाव्यात. एक जण बोलत असताना पुढचा मंचाच्या पायरीपाशी उभा हवा. नावं सकाळीच फळ्यावर लिहून घ्यावीत, जो आधी लिहील त्याचा नंबर आधी. प्रश्नोत्तरं ठेवूच नयेत. समोर मोठ्या आकड्यांत उलटी मोजणी दिसत राहावी, म्हणजे वक्त्याइतकीच श्रोत्यांचीही नजर घड्याळावर राहते. काही ठिकाणी वेळ संपली की घंटेऐवजी सगळे टाळ्या वाजवू लागतात आणि त्या गजरात वक्त्याचं वाक्य बुडून जातं. अपमान कोणाचाच होत नाही, उलट अर्ध्यावर तुटलेल्याच्या वाट्याला सर्वांत मोठ्या टाळ्या येतात.

आता हसू कुठून येतं ते पाहू. या प्रकारातलं गाजलेलं उदाहरण गॅरी बर्नहार्ट यांचं. 2012 साली अमेरिकेतल्या ‘कोडमॅश’ परिषदेत त्यांनी ‘वॉट’ नावाचं जेमतेम चार-पाच मिनिटांचं भाषण केलं. पडद्यावर जावास्क्रिप्ट या संगणकभाषेची एक ओळ टाइप करायची, लोकांना मनात उत्तर जुळवू द्यायचं आणि मग एंटर दाबायचं, एवढंच तंत्र. रिकाम्या यादीत रिकामी यादी मिळवली तर काय येईल? कोरी ओळ. ‘वॉट’ या शब्दातून एक वजा केला तर? ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’. शेवटी हेच ‘नॅन’ पंधरा वेळा एकापुढे एक उमटतं आणि त्याच्या शेपटाला बॅटमॅनचं नाव जोडलेलं असतं. बॅटमॅनच्या जुन्या टीव्ही मालिकेचं ‘ना ना ना’ शीर्षकगीत आठवून हॉल कोसळतो. बर्नहार्ट यांना विनोद रचावा लागलाच नाही. भाषेचा खरा स्वभाव त्यांनी योग्य क्रमाने मांडला आणि प्रत्येक ओळीआधी श्रोत्यांना अंदाज करायला भाग पाडलं. अंदाज आणि उत्तर यांच्यातल्या दरीत हसू असतं. त्या दरीची खोली वक्त्याने आधी मोजलेली असते.

पाच मिनिटांत बोलून होतात पाचशे-सहाशे शब्द. हा लेख मोठ्याने वाचलात तर साधारण तेवढाच वेळ लागेल. त्यात एकच गोष्ट मावते, दोन नाहीत. नवख्याने स्वतःची एखादी चूक निवडावी असं मला मनापासून वाटतं. चुकून पुसलेला डेटाबेस, शुक्रवारी संध्याकाळी सोडलेली नवी आवृत्ती, तीन दिवस शोधलेला आणि शेवटी एका स्वल्पविरामात सापडलेला दोष. ‘मी कोण, कुठे काम करतो’ यात तीस सेकंद घालवू नयेत. थेट बिघाडाच्या क्षणापासून सुरुवात करावी आणि सर्वांत मोठं हसू चौथ्या मिनिटाला ठेवावं. पाचव्या मिनिटावर ठेवलं तर घंटा ते गिळून टाकते. तालीम घड्याळ लावून, मोठ्याने करावी. मनात वाचलेलं भाषण नेहमी छोटं वाटतं.

भाषेचाही विचार हवा. आपल्याकडच्या अशा हॉलमध्ये मराठी, गुजराती, हिंदी आणि तांत्रिक इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात. तांत्रिक शब्द सगळ्यांना कळतो, पण चिमटा बहुतेक वेळा मातृभाषेतच बसतो. ‘सर्व्हर डाऊन झाला’ यावर कोणी हसत नाही. ‘सर्व्हरने मान टाकली’ म्हटलं की मराठी रांगा हलतात आणि शेजारचा गुजराती मित्र अर्थ विचारतो. तो अर्थ सांगायला वेळ नसतो, म्हणून अशी वाक्यं एक-दोनच ठेवावीत.

पायथॉन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांच्या ‘पायकॉन इंडिया’ परिषदेतही ही सत्रं भरतात. ती परिषद 2009 मध्ये बेंगळुरूला सुरू झाली. तासभर बोलण्याची हिंमत नसलेला विद्यार्थी पाच मिनिटांना हो म्हणतो. फसलं तरी पाचच मिनिटं, हे त्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यांनाही.

सत्र संपल्यावर चहाच्या टेबलाशी गर्दी होते ती घंटेने तोडलेल्या वक्त्याभोवती. डेटाबेस परत मिळाला का, हे कोणालाच कळलेलं नसतं. तो सांगायला लागतो, चहा निवतो, मंडळी निघतात आणि उरलेली गोष्ट घाटकोपरच्या मेट्रोच्या रांगेत पूर्ण होते.