कामाचे आकडे आणि आपले गाव
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता करणाऱ्या माणसाला मजुरी आणि बेरोजगारीच्या आकड्यांवर बोलायला बसवले, की ऐकणाऱ्यांनाच थोडी धास्ती वाटते. मलाही वाटत होती. पण हा विषय मी शोधला नाही, तो माझ्या घरी चालत आला. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी बी.ए.चा निकाल घेऊन आली. तिची आई पावसाळ्यात रोवणीला जाते, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडते. पेढा हातावर ठेवून मुलीने विचारले, "काकाजी, आता कोणता कोर्स केला तं काम लागंल जी?"

मीही बी.ए. आहे. तिच्या वयाचा असताना हाच प्रश्न मी कुणाकुणाला विचारला होता आणि प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले होते. म्हणून या वेळी ठरवले, की आपल्या मताऐवजी हिला आकडे दाखवू. ते कुठे मिळतात आणि काय सांगतात हे शोधता शोधता मलाच बरेच शिकायला मिळाले.

पहिली गोष्ट म्हणजे आकडे आहेत. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्यासाठी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचे पुस्तक काढते. लोकसंख्या, पिके, कारखाने, शाळा असे पुष्कळ काही त्यात असते. जनगणना आहे. शिवाय केंद्र सरकारचे श्रमबल सर्वेक्षण २०१७-१८ पासून नियमित होते. जानेवारी २०२५ पासून त्याचे आकडे दर महिन्याला येऊ लागले आणि त्याची नमुना निवड जिल्हा हा पाया धरून होऊ लागली. आकडे मिळतात खरे. पण सरकारी आकड्यातला शब्द आणि आपल्या बोलण्यातला शब्द एकच असतो असे समजू नये.

माझेच उदाहरण देतो. बी.ए. झाल्यावर मी तीन वर्षे अब्बांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसलो. पंक्चर काढायचो, चाकाचे आऱ्या ताणायचो, गिऱ्हाईक नसेल तेव्हा वहीत काहीबाही लिहायचो. पगार नव्हता. अम्मी नातेवाइकांना सांगायची, "लडका अभी खाली बैठा है." मीही स्वतःला बेकारच म्हणत होतो. पण सर्वेक्षणाच्या भाषेत मी बेकार नव्हतोच. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाराही तिथे रोजगारात धरला जातो. सर्वेक्षणाची आणखी एक मोजपट्टी आहे चालू आठवड्याची. मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास जरी काम केले असेल, तरी माणूस कामावर आहे असे मानतात. यात लबाडी नाही. जगभर साधारण अशीच रीत आहे, कारण कुठेतरी रेघ मारावी लागते. मात्र ती रेघ कुठे मारली आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक हवे.

आता देशाचा आकडा पाहू. पंधरा वर्षांवरील लोकांमधला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. याच काळात ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २४.६ टक्क्यांवरून ४७.६ टक्क्यांवर गेला. वाचून वाटेल, की गावोगावी बायांना नोकऱ्या मिळाल्या. वाढीचा मोठा भाग घरच्या शेतीत आणि घरच्या धंद्यात हात लावणाऱ्या स्त्रियांचा आहे. म्हणजे सायकलच्या दुकानातला मीच, फक्त लुगड्यातला.

याच सर्वेक्षणात एक उलटी वाटणारी गोष्ट दिसते. निरक्षरांमध्ये बेरोजगारी सर्वांत कमी आणि पदवीधरांमध्ये पुष्कळ जास्त. शिक्षणाने काम जाते असा याचा अर्थ कुणी काढू नये. ज्याच्या घरी संध्याकाळच्या तांदळाची सोय सकाळच्या मजुरीवर आहे, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम तो धरतो. काम शोधत थांबणे हीसुद्धा एक चैन आहे. ती त्या मुलीला तिच्या आईने मिळवून दिली आहे.

आता मजुरी. चंद्रपूर जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न किंवा सरासरी पगार वाचून ब्रह्मपुरीबद्दल काही ठरवू नये. जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरची कागद गिरणी आहे. हे सारे चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, कोरपना, भद्रावती, वरोरा या बाजूला. आमच्या बाजूला धान, भातगिरण्या, जंगल, वैनगंगा, शाळा-महाविद्यालये आणि दवाखाने. समजा, एका खोलीत रोजचे तीनशे रुपये मिळवणारे नऊ मजूर आहेत आणि तीन हजार मिळवणारा एक अधिकारी. खोलीची सरासरी निघते ५७० रुपये. त्या खोलीत ५७० मिळवणारा एकही माणूस नाही! म्हणून सरासरीपेक्षा मध्यक विचारावा. सगळ्यांना मिळकतीप्रमाणे ओळीत उभे केले तर मधल्याला काय मिळते ते मध्यक सांगतो. इथे तो तीनशेच आहे.

दुसरी गोष्ट, रोज आणि वर्ष यांत गल्लत करू नये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. पुरे शंभर दिवस काम मिळाले तर ३१,२०० रुपये, म्हणजे महिन्याला २,६००. आणि शंभर दिवस कुठले! देशात एका कुटुंबाला मिळालेल्या कामाची सरासरी बहुतेक वर्षी पन्नास दिवसांच्या आसपास राहिली. मजुरीचा दर वाढला अशी बातमी आली, की मी आता लगेच विचारतो, "दिवस किती?" रोवणीचा हुंडा घेतला तर बायांना त्या महिन्यात दिवसाला चांगले पैसे पडतात. मग कापणी. पण कापणीला हार्वेस्टर आले, तिथले दिवस कमी झाले. तेंदूचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. सत्तर पानांचा एक पुडा, आणि पैसे पुड्यांच्या शेकड्यावर. त्या मजुरीत वाघाच्या भीतीचा हिशेब कुठेच धरलेला नसतो. ब्रह्मपुरीच्या जंगलात पहाटे पाने तोडायला गेलेली बाई परत आली नाही अशा बातम्या आपण वाचल्या आहेत.

धान निघाले, की आमच्या भागातली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे रानावनातून पायी परतताना दिसली आणि ती इतकी आहेत हे बऱ्याच जणांना तेव्हा कळले. आता गंमत पाहा. २०११ ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, ऐन मिरचीच्या हंगामात. नियम असा होता, की माणूस हा पूर्ण काळ घरापासून दूर असेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे ब्रह्मपुरी तालुक्यातली बाई तिथल्या एखाद्या शिवारातल्या झोपडीत मोजली गेली असेल, तर आपल्या तालुक्याच्या कामगारांत ती नाहीच. आणि गावी मोजली गेली असेल, तर वर्षात सहा महिने काम भरले की नाही हा प्रश्न येतो. सहा महिन्यांहून कमी भरले तर ती 'सीमांतिक' काम करणारी. रोवणीचा एक महिना, कापणीचा एक, तेंदूचा अर्धा, मिरचीचे अडीच, बेरीज पाच महिने. मुलीच्या आईला हे सांगितले तेव्हा तिने 'सीमांतिक' म्हणजे काय ते विचारले. मी म्हटले, "काठावरची." ती हसली आणि म्हणाली, "मंग मधात कोन हाय जी?"

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ ची आहे, तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. लोकसंख्येची मोजणी म्हणजे पुन्हा फेब्रुवारीच. मिरचीला जाणाऱ्या घरांनी हे आधीच ध्यानात ठेवावे, आणि दारावर कुणी आले तर घरातल्या बाईचे काम "काही नाही" असे सांगून मोकळे होऊ नये.

राहिला कोर्सचा प्रश्न. रोजगार कार्यालयाची आकडेवारी इथे फारशी कामाची नाही. कामावर असलेला माणूसही चांगल्या नोकरीच्या आशेने नाव नोंदवतो, आणि खरा बेकार पुष्कळदा नोंदवतच नाही. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले. पण आमच्या गावातली बहुतेक दुकाने, गिरण्या, दवाखाने त्या आकड्याच्या खाली. माझेही कार्ड होते. मी ते बरीच वर्षे जपले, नोकरी लागली ती अब्बांच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने.

डी.एड.ची गोष्ट सर्वांना आठवत असेल. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला मानधन तीन हजार, पण तीन वर्षांनी कायम. तेवढ्या आशेवर राज्यभर डी.एड. महाविद्यालये उगवली. लोकांनी शेत गहाण ठेवून पोरांना घातले. २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली, २०१३ मध्ये टीईटी आली. जानेवारी २०२३ पासून ते मानधन सोळा हजार झाले, पण तोवर कितीतरी डी.एड.वाले मोबाइलच्या दुकानात नाहीतर पुण्याच्या कंपनीत पोचले होते. आज जी मागणी दिसते ती पाहून आपण कोर्स घेतो, आणि दोन-तीन वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा तीच मागणी पाहून आलेले हजारो जण आपल्या शेजारी उभे असतात.

वाढीचे टक्केही असेच जपून वाचावेत. गावात एखाद्या कामाला दोन माणसे होती, चार झाली, तर वाढ शंभर टक्के. जागा मात्र दोनच.

शेवटी मी त्या मुलीला एक वही दिली. म्हटले, गावातली दहा ठिकाणे निवड: दवाखाने, औषधाचे दुकान, गिरणीचे ऑफिस, पतसंस्था, खासगी शाळा. प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचार. मागच्या दोन वर्षांत किती जणांना नव्याने घेतले? सुरुवातीला काय दिले? पीएफ कापतात का? आणि घेतले ते कोणत्या शिक्षणावर? वीसपेक्षा कमी माणसे असतील तर पीएफ बहुधा नसेल, तेही लिही.

सात ठिकाणी तिला उत्तरे मिळाली, तीन ठिकाणी चहासुद्धा. सातपैकी पाच ठिकाणी पदवी कुणी विचारली नव्हती. संगणकावर हिशेब येतो का, हे विचारले होते. दोन दवाखान्यांत नर्सिंग झालेली मुलगी मिळत नाही अशी तक्रार होती, आणि पगार ऐकल्यावर ती का मिळत नाही हेही तिला कळले. वहीत तिने तो पगार लिहिला, त्याच्याखाली आईची मागच्या वर्षाची कमाई मांडली. मिरचीच्या दिवसांची बेरीज अजून व्हायची आहे, कारण त्यातली काही मजुरी आईने मिरचीच्याच रूपात आणली होती.