दारची कण्हेर : पूजेला चालेल, पोटात नको

गेल्या आठवड्यात विट्याच्या एका भगिनींनी विचारले, "डॉक्टर, अंगणात कण्हेर लावायची आहे, पण घरात लहान मुले आहेत. लावावी का?" माझे उत्तर असे : लावावी, पण तिचा स्वभाव ओळखून लावावी.

कण्हेर बारमाही हिरवी. माण, खटाव, आटपाडी, जत अशा कमी पावसाच्या तालुक्यांतही ती तग धरते आणि शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी लावली की मूळ धरते. भरपूर ऊन हवे, बुडाशी पाणी साचू नये. बहर ओसरला की छाटणी करावी, म्हणजे नवी फूट येऊन फुले वाढतात.

आता दुसरी बाजू. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, सारेच विषारी. वाळवून किंवा उकळूनही हे विष जात नाही. त्यातील ओलिअँड्रिन हे द्रव्य थेट हृदयावर परिणाम करते. आधी मळमळ, उलट्या, पोटदुखी. मग चक्कर येते, नाडी मंद किंवा अनियमित होते आणि प्राणावरही बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बियाही तितक्याच घातक. मुले याच बिट्ट्या खेळायला घेतात, हे ध्यानात ठेवावे.

केरळात २०२४ साली एका तरुण परिचारिकेचा मृत्यू कण्हेरीची पाने चावल्याने झाल्याचा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्रावणकोर देवस्वम मंडळाने ही फुले नैवेद्यात आणि प्रसादात वापरण्यास मनाई केली. आपणही शंकराला फूल जरूर वाहावे, पण ते प्रसादात वा तीर्थात पडू देऊ नये. आयुर्वेदात करवीर औषधी आहे खरी, पण तिची गणना उपविषांत होते. घरगुती काढा कदापि करू नये.

झाड मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाला लावावे. घरात रांगते मूल असेल तर चार वर्षे थांबून जास्वंद लावावी. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत. छाटलेल्या फांद्या वैरणीत मिसळू देऊ नयेत, चुलीतही घालू नयेत, धूरही बाधतो.

चुकून कोणी खाल्लेच, तर मीठपाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका. तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. सोबत त्या झाडाची डहाळी न्या. हृदयाचा आलेख आणि रक्ततपासणी होईल अशाच रुग्णालयात जा. मूल हसतखेळत दिसले तरी थांबू नका, कारण लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात.

कण्हेर डोळ्यांना सुख देते. तेवढेच तिच्याकडून घ्यावे.