नांदूरच्या पाण्याभोवती

नाशिकमध्ये सायकलवरच्या बाईकडे आता कुणी फारसं वळून बघत नाही. म्हणजे बघतात, पण पूर्वीसारखं नाही. याचं बरंचसं श्रेय महाजन बंधूंना द्यायला हवं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या दोघा भावांनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीनं पूर्ण केली आणि आमच्या शहराला सायकलचं वेडच लागलं. डॉक्टर, शिक्षिका, निवृत्त काका, सुना-सासवा, सगळे पहाटे उठून हेल्मेट चढवू लागले. इथून पंढरपूरला दरवर्षी सायकलवारीही निघते.

मी मात्र या वेगवाल्यांतली नव्हे. वय त्रेपन्न, नोकरी बँकेतली, गुडघे कुरकुरणारे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्या दिवशी मी आणि माझी एक मैत्रीण सायकली गाडीच्या मागे बांधून तिच्या माहेरी, निफाड तालुक्यात जातो आणि तिथून नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याभोवती तीस-पस्तीस किलोमीटरची चक्कर मारतो. थांबत थांबत, गप्पा मारत. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी चाळीस किलोमीटर गाडीनं जायचं? तर हो. त्या रस्त्यांसाठी जायचं.

गोदावरी आणि कादवा यांचा संगम होतो तिथे शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. गंगापूर, दारणा धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवून कालव्यांत वळवायचं, एवढाच त्याचा हेतू. पण नदी पाण्याबरोबर गाळही आणते. वर्षानुवर्षं तो साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीनं हे नुकसानच. पक्ष्यांना मात्र आयतं जेवणाचं ताट मिळालं! १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पाणथळ जागांसाठी हा जागतिक पातळीवरचा मान आहे. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे ही आजूबाजूची गावं. त्यांना जोडणारे रस्ते अरुंद, बरेचसे सपाट, आणि सकाळी सातच्या आत जवळजवळ रिकामे.

निफाडची थंडी तर तुम्हाला बातम्यांतून ठाऊक असेलच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, हे दर हिवाळ्यात पहिल्या पानावर येतं. सायकलवर ती थंडी बोटांच्या टोकांतून आत शिरते. लोकरीचे मोजे घातले तर ब्रेक नीट दाबता येत नाहीत, न घातले तर बोटंच राहत नाहीत! द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात. गारठ्यानं मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्र जागतात. धूर रस्त्यावर उतरून पसरलेला असतो आणि त्यातून आपण डोळे चोळत पुढे जातो.

सायकलचा मोठा फायदा म्हणजे तिला आवाज नाही. गाडी थांबली, दार वाजलं की बदकांचा थवा भुर्रकन उठतो. सायकल बांधाला टेकवून उभं राहिलं तर त्यांना फारसं काही वाटत नाही. (भडक गुलाबी जाकीट मात्र घरी ठेवा. माझ्या मैत्रिणीला हे अजून पटलेलं नाही.) हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, थापटे, कधी नशीब असेल तर दूरवर रोहित. माझा लाडका पक्षी मात्र अगदी साधा आहे. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. त्याचं मराठी नाव आहे वारकरी. उडायचं झालं की बिचारा आधी पाण्यावरून धपधप पावलं टाकत लांबवर पळतो आणि मगच हवेत उठतो. चढावर मला सायकल सुरू करताना पाहिलंत तर साम्य कळेल.

आता थोडं व्यवहाराचं. बाभळीचे काटे हा इथला पहिला शत्रू. जादा ट्यूब आणि पंप बरोबर हवाच, आणि चाक काढून ट्यूब बदलणं स्वतःला यायला हवं. कठीण काही नाही, कुकरची रिंग बसवण्याइतकंच. दुसरा शत्रू उसाचे ट्रॅक्टर. एकामागे एक दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्यानं लावलेली, मागे दिवा असेलच असं नाही. तो समोरून आला की हक्काबिक्काचा विचार न करता सरळ रस्त्याच्या खाली उतरायचं. आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल पुरुषांच्या सायकलगप्पांत कधीच अवाक्षर निघत नाही: बाईनं जायचं कुठं? आम्ही निघताना पाणी बेतानं पितो आणि ओळखीची घरं वाटेत हेरून ठेवली आहेत. त्रेपन्नाव्या वर्षीही रस्त्याचा नकाशा मनात असा काढावा लागतो.

गेल्या डिसेंबरात अशाच एका शनिवारी उसाच्या रस्त्यावर पुढून मोठ्यानं आवाज आला. एकोणतिसाचा पाढा! आधी वाटलं कुठे शाळा भरली असेल. धुक्यातून पाहिलं तर पाच मुली, पाच सायकली. सगळ्या एका लयीत पाढा म्हणत, मध्ये मध्ये घंटी वाजवत चालल्या होत्या. आम्ही त्यांना गाठलं.

‘‘अगं, एवढ्या पहाटे पाढे?’’

‘‘बिबट्यासाठी काकू,’’ लाल रिबिनीवाली म्हणाली. ‘‘ऊस लागला की सुरू करायचं, ऊस संपला की बंद.’’

निफाडच्या उसातला बिबट्या ही अफवा नाही. वर्षभर उभं राहणारं दाट पीक, शेजारी पाणी, कुत्री-शेळ्या आसपास. त्याला आणखी काय हवं? माद्या उसातच पिल्लं घालतात. हिवाळ्यात तोड सुरू झाली की त्यांचा आसरा जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या माणसांना जास्त दिसू लागतात. घोळक्यानं जा, आवाज करत जा, असं जाणकार सांगतात. या मुलींनी त्याचा पाढा केला होता.

लाल रिबिनीवाली नववीत. शाळा चार किलोमीटरवर. एरवी साडेदहाची, शनिवारी मात्र सकाळची, साडेसातची. म्हणजे हिवाळ्यात घरून निघताना धड उजाडलेलंही नसतं. बस आहे, पण ती शाळा भरून गेल्यावर येते. त्यांचे नियम पक्के होते. उसात एकीची चेन पडली तर पाचही जणींनी थांबायचं. मोबाइल एकीकडेच, तोही साधा.

‘‘दोघी दहावीला आहेत,’’ ती चालवता चालवता म्हणाली. ‘‘मार्चनंतर तिघीच. त्यातली एक मामाकडं जाणार शिकायला.’’

‘‘मग दोघी.’’

‘‘दोघींना आई नाही पाठवणार.’’

अगदी सहज म्हणाली, जणू हवामान सांगत होती.

तिची आई आम्हाला परतताना भेटली. रस्त्यालगतच्या बागेत थिनिंगला आली होती, हातात छोटी कात्री. पोरीनं लांबूनच ओळख सांगून ठेवली होती. आम्हाला हेल्मेटमध्ये पाहून बाया आधी खूप हसल्या. ‘‘का वो ताई, पेट्रोल परवडंना का?’’ मग चहा आला आणि मीच विषय काढला.

‘‘दहावीपर्यंत तरी शिकू द्या ना तिला.’’

‘‘मला नको वाटतं का ताई?’’ ती कात्री न थांबवता म्हणाली. ‘‘हुशार आहे ती. पण दोघी पोरी, आणि दीड किलोमीटर ऊस. बिबट्याचं एक वेळ सांगता येतं. मोटारसायकलवरच्या पोरांचं कुणाला सांगायचं? सांगितलं तर म्हणतील, पोरीलाच घरी बसवा.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहरात बसून ‘मुलगी शिकली प्रगती झाली’ म्हणणं सोपं आहे. त्या बाईच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे छातीठोकपणे मला नाही सांगता येणार.

‘‘मला चालवता येत असती तर मीच गेले असते सोबत,’’ ती म्हणाली.

माझी मैत्रीण याच मातीतली. ती लगेच म्हणाली, ‘‘मग शिक की!’’

‘‘ह्या वयात? ह्या साडीवर?’’ वय छत्तीस! बाया पुन्हा हसल्या. पण ती हसली नाही.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या होत्या. खाणकाम करणाऱ्या, शेतमजूर, बहुतेकींच्या अंगावर साड्याच. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलला मोहिमेचा भागच करून टाकलं होतं. मी हे तिला सांगितलं. तिनं एकच विचारलं, ‘‘त्यांना रोजावरून सुट्टी कोण देत होतं?’’

खरा प्रश्न तोच आहे. बागेत काम आठाला सुरू होतं. साडेदहाच्या शाळेला सोडायचं तर अर्धा खाडा. संध्याकाळी आणायचं तर दिवसभराचं कामच मोडतं. शनिवारचं सकाळचं तेवढं जमण्यासारखं आहे. बाकीचे पाच दिवस पोरींना उजेडात जाता येतं, पण हिवाळ्यात परतताना दिवस कलतो. तिनं हा हिशोब बोटांवर आमच्यासमोर मांडला, आणि आणखी एका मुलीच्या आईशी बोलते, म्हणाली. आळीपाळीनं गेलं तर खाडे निम्म्यावर येतील.

जानेवारीत दोनदा, फेब्रुवारीत एकदा आम्ही गेलो. वस्तीसमोरच्या खळ्यावर मैत्रीण मागून सीट धरायची आणि मी पुढे उभी राहून ‘खाली बघू नका, माझ्याकडे बघा’ असं ओरडायची. लाल रिबिनीवाली लाजून घरात पळायची आणि खिडकीतून बघायची. साडीचा काठ दोनदा चेनमध्ये गेला. तिसऱ्या वेळी तिनं खाली लेकीची जुनी सलवार चढवली. फेब्रुवारीत ती सरळ रेषेत पन्नासेक पावलांचं अंतर एकटीनं गेली. थांबायचं कसं ते कळेना, म्हणून कडब्याच्या गंजीत घुसली आणि तिथेच बसून हसत राहिली.

दुसऱ्या मुलीची आई तयार आहे, पण तिचा नवरा अजून काही बोललेला नाही. जुनी लेडीज सायकल निफाडच्या दुकानात सांगून ठेवली आहे. वळायला आणि ब्रेक लावायला शिकायचं बाकी आहे. शाळा जूनमध्ये उघडते, तोवर उन्हं वाढतील, पट्टकादंब परत गेलेले असतील आणि आम्हालाही सकाळी साडेपाचलाच निघावं लागेल.