कोरड्या जमिनीवरचं वल्हं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं गाव आहे. पट्टा दुष्काळी, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसणारा. त्या गावातला एक पोरगा वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचा. २०११ साली वडील गेले, घराचा भार अंगावर आला आणि २०१२ मध्ये तो फौजेत भरती झाला. पुण्यात खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये त्याची उंची आणि हाडपेर पाहून त्याला होडीत बसवण्यात आलं. आधी पाण्याची भीती वाटायची, असं त्यानंच पुढे सांगितलं आहे. चार वर्षांनी, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, तोच दत्तू भोकनळ रिओच्या ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात भारताकडून उतरला आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या शर्यतीत आजारपणामुळे तो पार मागे पडला, आणि दुसऱ्याच दिवशी तीन साथीदारांसह चौघांच्या शर्यतीत त्यानं सुवर्णपदक मिळवलं.

हे सांगायचं कारण असं, की नौकानयन म्हटलं की आपल्याला तो नदीकाठच्या, क्लबवाल्या लोकांचा मामला वाटतो. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जुना बोट क्लब आहे, तिथला रेगाटा नावाजलेला आहे. पण फैजपूरला वल्हवणार कुठे? वर सातपुडा, खाली तापी, मध्ये केळीचे मळे आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारं ऊन. गंमत अशी, की या खेळाचा मोठा भाग पाण्यावर शिकवलाच जात नाही. येशूपूर्व चौथ्या शतकात अथेन्सचा सेनापती खाब्रियास यानं नवशिक्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावर लाकडी सांगाड्यांवर बसवून तालीम दिली, अशी नोंद आहे. आजही जगभरातले वल्हेकरी जमिनीवरच्या यंत्रावर घाम गाळतात आणि संघांची निवड करताना त्या यंत्रावरची वेळही पाहिली जाते.

आजचं हे यंत्र, ज्याला सगळे रोइंग मशीनच म्हणतात, ते थंडीतून जन्मलं असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर आडनावाचे दोन भाऊ होड्यांची वल्ही बनवत. तिकडे हिवाळ्यात पाणी गोठतं, सराव थांबतो. १९८१ साली त्यांनी सायकलचं चाक घेतलं, त्याला पाती बसवली, साखळी जोडली, सरकतं आसन लावलं. साखळी ओढली की चाक फिरणार, पाती हवा कापणार आणि त्या हवेचा अडथळा हाताला पाण्यासारखा लागणार. त्यांच्याकडे पाणी गोठतं, आपल्याकडे आटतं. यंत्राला दोन्ही सारखंच.

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, ही यंत्रं घरांतही दिसू लागली. मुलगा पुण्या-मुंबईहून आई-वडिलांसाठी पाठवतो. पहिले आठ दिवस घरातला प्रत्येक जण बसून पाहतो. पुढे काही घरांत त्यावर टॉवेल वाळू लागतात. त्याचं कारण नेहमी आळस असतं असं मला वाटत नाही. चुकीच्या पद्धतीनं ओढून चार दिवसांत कंबर धरते, हे कारण मी अधिक वेळा पाहिलं आहे. पद्धत कोणी सांगितलेली नसते. यंत्राबरोबर आलेला कागद इंग्रजीत असतो आणि तो खोक्याबरोबर रद्दीत जातो.

तेव्हा पद्धत नीट सांगतो.

वल्हवणं म्हणजे हातांचा व्यायाम, हा पहिला गैरसमज. आसन सरकतं ठेवलंय ते उगीच नव्हे. जोर सर्वांत जास्त पायांनी लावायचा, त्याहून कमी धडानं आणि सर्वांत कमी हातांनी. बाजार समितीतला हमाल पोतं पाठीवर घेऊन उठतो तेव्हा निरखून पाहा. उठवतात ते पाय, पाठ फक्त ताठ राहते. इथंही तसंच.

पाय फळीवर ठेवून पट्टा चवड्याच्या रुंद भागावर घ्या. आसन पुढे आणा, नडग्या उभ्या होईपर्यंतच, त्याहून पुढे नाही. हात सरळ, धड कमरेतून जरासं पुढे झुकलेलं. आता पायांनी फळी रेटा. या वेळी हात म्हणजे नुसते दोर, कोपर वाकवायचं नाही. गुडघे जवळजवळ सरळ होत आले, की धड कमरेतून थोडं मागे न्या. शेवटी हात ओढा, दांडा छातीच्या खाली, बरगड्यांच्या खालच्या काठाशी येऊ द्या. परत जाताना हाच क्रम उलटा: आधी हात सरळ, मग धड पुढे, आणि दांडा गुडघ्यांच्या पुढे गेल्यावरच गुडघे दुमडायचे. ते आधी दुमडले तर दांडा गुडघ्यावर आपटतो. दांड्यावरची पकड बादलीच्या कडीसारखी, बोटांत अडकवलेली असावी. मूठ आवळली की मनगटं आणि खांदे दुखणार.

कंबर दुखते ती दोन चुकांनी. एक म्हणजे पाय रेटताना बूड मागे निसटतं आणि हात-खांदे पुढेच राहतात. मग सगळा ताण पाठीच्या खालच्या भागावर येतो. दुसरी म्हणजे पाठीची कमान करून पुढे झुकणं. झुकायचं ते कमरेच्या सांध्यातून. नमाजात रुकूला जाताना पाठ सपाट ठेवून जसं वाकायचं असतं, तसं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहावं, पाठ सरळ ठेवून मागच्या बाजूनं भिंत शिवायचा प्रयत्न करावा. पाठ न वाकवता माणूस जिथून वाकतो, तो सांधा आपोआप कळतो.

आता लय. मी गझला लिहिणारा माणूस, म्हणून मला ही गोष्ट लघू-गुरूच्या हिशेबातच कळली. लघूला एक मात्रा, गुरूला दोन. यंत्रावर ओढ लघू आणि परत गुरू. एका सेकंदात ओढायचं, दोन सेकंदांत सावकाश पुढे यायचं. म्हणजे एका फेऱ्याला तीन सेकंद, मिनिटाला वीस फेरे. नवख्या माणसाला एवढी गती पुरते. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. ओढतात निवांत आणि पुढे मात्र धावत येतात, जणू गाडी चुकणार आहे. मिनिटाला पस्तीस फेरे होतात, दम लागतो, पण चाकाला जोर लागलेलाच नसतो. सावकाश पुढे येणं ही विश्रांती आहे. ती घेतली तर वीस मिनिटं बसता येतं, नाही घेतली तर पाच मिनिटांत उठावं लागतं.

यंत्रांचे प्रकार थोडक्यात. पंख्याच्या यंत्राला वीज लागत नाही, पडद्यापुरते सेल पुरतात. दिवे गेले की ट्रेडमिल थांबते, हे चालू राहतं. मात्र ते कूलरसारखं घोंघावतं, म्हणून पहाटे बंद खोलीत वापरलेलं बरं. चुंबकाचं यंत्र शांत असतं. पाण्याची टाकी असलेलं ऐकायला सुंदर, पण जड आणि महाग. चौथं पंपाच्या नळ्यांचं, लहान आणि स्वस्त. त्यातलं तेल तापलं की ओढ सैल पडते, आणि त्याची बरीच मॉडेलं इतकी आखूड असतात की उंच माणसाला पाय पूर्ण सरळ करता येत नाहीत. ते घेण्यापेक्षा पैसे राखून ठेवावेत असं माझं मत आहे. स्पर्धेच्या दर्जाचं यंत्र लाखाच्या पुढे जातं, हे आधीच सांगितलेलं बरं. लांबी साधारण आठ फूट, म्हणजे जुन्या धाब्याच्या घरातल्या एका खोलीची एक बाजू गेलीच. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावं. रोज अर्धा तास वापरायची वस्तू उरलेले साडेतेवीस तास रिकामीच असते.

पंख्याच्या यंत्राला एक ते दहा आकड्यांची कळ असते. घरातली तरुण पोरं ती लगेच दहावर नेतात. ती कळ म्हणजे ताकदीची पायरी नव्हे, सायकलच्या गिअरसारखी ती सोय आहे. तीन ते पाचच्या दरम्यान ठेवावी. जोर किती लागेल हे तुम्ही किती वेगानं ओढता त्यावर ठरतं, आणि तो हिशेब मोठा कडक आहे. पडद्यावर ५०० मीटरला अडीच मिनिटं दिसत असतील, तर तुम्ही सुमारे १०० वॅट शक्ती लावता आहात. तेच अंतर दोन मिनिटांत कापायचं असेल तर सुमारे २०० वॅट लागतात. अर्धं मिनिट वाचवायला शक्ती दुप्पट! म्हणून पन्नाशीतल्या माणसानं वेळेच्या मागे लागू नये. पडद्यावर दिसणारा कॅलरींचा आकडा तर अंदाजच असतो, तो पाहून जिलेबी खाऊ नये.

मग किती जोर लावावा? एक जुनी साधी कसोटी आहे. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. तरन्नुममध्ये शेर म्हणता येत असेल तर तुम्ही फारच आरामात आहात. शब्दच फुटत नसेल तर थांबा. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड पाच-पाच मिनिटांचे दोन डाव, मध्ये विश्रांती. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत वीस-तीस मिनिटांपर्यंत यावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज तीस मिनिटं, पाच दिवस, की तो पुरा होतो.

हे सगळं मी पोटतिडकीनं सांगतो आहे, कारण आमच्या वयाच्या लोकांच्या बैठकीत हल्ली कवितेपेक्षा साखरेची चर्चा अधिक होते. जेवणापूर्वी किती, जेवणानंतर किती. व्यायामात स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि मांड्यांचे स्नायू तर शरीरातले सर्वांत मोठे. त्यांना कामाला लावणारा व्यायाम मधुमेहात उपयोगी पडतो तो यासाठी. त्याचा परिणाम फार तर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. जे इन्शुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी आधी तपासून बसावं आणि गूळ-साखर हाताशी ठेवावी. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून ओढू नये, ओढताना श्वास सोडावा. हृदयाचा त्रास, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, मणक्याचं जुनं दुखणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. गुडघ्यांचं मात्र वेगळं. अंगाचा भार आसनावर असल्यानं चालण्या-पळण्यातले धक्के इथं बसत नाहीत. दुखत असतील तर पूर्ण पुढे न येता अर्ध्यावरूनच परतावं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, फिरायला जावं. जरूर जावं. ज्याला जाता येतं त्याला यंत्राची गरजच नाही. पण पहाटे रस्त्यावर कोण दिसतं ते एकदा मोजून पाहा. बहुतेक पुरुष. आमच्या मोहल्ल्यात पन्नाशीच्या बाईनं पहाटे एकटीनं फिरायला निघायचं ठरवलं तर घरातून चार प्रश्न आणि ओट्यावरून आठ प्रश्न येतात. हे फक्त मुसलमान घरांतलं आहे असं कोणी समजू नये, दोन गल्ल्या ओलांडल्या तरी चित्र फार बदलत नाही. तिची साखरही आमच्याइतकीच वाढलेली असते. घरकाम दिवसभर असतंच, पण त्यात धाप लागेल असा सलग अर्धा तास क्वचितच मिळतो. जात्यावर पहाटे दळणाऱ्या आजीला तो मिळायचा, आणि सोबत ओवीही. जातं गेलं ते चांगलंच झालं, त्या कष्टाचं कौतुक करणाऱ्यांपैकी मी नाही.

आमच्या घरी यंत्र आलं तेव्हा ते बैठकीत ठेवायचा बेत होता. बेगमनं ते आतल्या खोलीत न्यायला लावलं. बैठकीत राहिलं असतं तर पाहुण्यांसमोर तिला बसता आलं नसतं आणि यंत्र फक्त पुरुषांचं झालं असतं. आता दुपारी कामं उरकली की शेजारच्या दोघी जणी येतात. एक ओढते, दुसरी मोजते, तिसरी चहाचं बघते. यंत्र घेणाऱ्यांनी ते कुठे ठेवायचं हे घरातल्या बायकांना आधी विचारावं.

त्यांच्यासाठी एक सूचना. ओढणी किंवा पदर कमरेला घट्ट खोचल्याशिवाय बसू नये. तो आसनाच्या चाकांखाली किंवा साखळीत जाऊ शकतो. सलवार किंवा पायजमा चालतो, साडीत गुडघे नीट दुमडत नाहीत. ज्या पट्टीवर आसन सरकतं ती रोज फडक्यानं पुसावी, आमच्याकडच्या धुळीत चाकं लवकर खरखरतात. साखळी असेल तर अधूनमधून तेलाचं बोट फिरवावं. आणि घरात लहान मुलं असतील तर काम झाल्यावर यंत्र दुमडून किंवा उभं करून भिंतीला पक्कं टेकवून ठेवावं. सरकतं आसन पाहिलं की त्यांना ती गाडी वाटते, आणि आसनाखाली बोट सापडायला वेळ लागत नाही.