पाते बदला, दांडा राखा : आइस हॉकीच्या स्टिकची निवड

बर्फावरच्या हॉकीत स्टिक मोडणे ही नित्याची बाब आहे. व्यावसायिक खेळाडूच्या हाती संघ लगेच दुसरी स्टिक देतो. हौशी खेळाडूला किंवा मुलाला सरावासाठी नेणाऱ्या पालकांना मात्र तिची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. कॅनडा व अमेरिकेत कार्बन फायबरच्या वरच्या दर्जाच्या एका स्टिकला ३०० डॉलरहून अधिक पडतात. अशा वेळी दांडा तोच ठेवून केवळ पाते बदलण्याची सोय असलेली स्टिक हा विचारात घेण्याजोगा पर्याय ठरतो.

ही कल्पना नवी नाही. पूर्वी स्टिक अखंड लाकडी असे. १९६० च्या दशकात शिकागो संघाचे बॉबी हल व स्टॅन मिकिटा यांनी वक्र पाते लोकप्रिय केले. पुढे १९८० च्या दशकात ॲल्युमिनियमचा पोकळ दांडा व त्यात बसवलेले लाकडी पाते अशी जोडणी रुजली. वेन ग्रेट्झ्कीसारख्या खेळाडूनेही असा दांडा वापरला. नंतर कार्बन फायबर व रेझिन यांपासून बनलेले हलके दांडे आले आणि २००० नंतर अखंड कंपोझिट स्टिकने व्यावसायिक मैदान काबीज केले. सुट्या पात्यांची बाजारपेठ त्यामुळे आक्रसली, पण संपली नाही.

अखंड की जोडीची?

अखंड स्टिक वजनाला हलकी असते आणि पक पात्याला लागल्याची जाणीव हातापर्यंत स्पष्ट पोहोचते. जोडीच्या स्टिकमध्ये सांध्यापाशी थोडे वजन वाढते व तो भाग ताठ राहतो. तिचा लाभ दुसरीकडे आहे. बर्फावर घासून, इतरांच्या स्केट्सखाली येऊन पाते आधी निकामी होते आणि दांडा बहुधा धड राहतो. मात्र हे प्रत्येकाच्या बाबतीत खरे असेलच असे नाही. आपल्या आधीच्या दोन-तीन स्टिक कोठे मोडल्या, हे आठवून पाहणे उत्तम. पाते चिरले वा मऊ पडले असेल, तर सुटे पाते निश्चित पैसे वाचवील. दांडाच मध्ये मोडत असेल, तर बचतीचा हिशेब जुळणार नाही.

सांध्याचे माप

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती येथे. दांड्याची खालची पोकळी दोन प्रकारची असते. एकात दांडा शेवटपर्यंत सारख्याच जाडीचा राहतो, तर दुसऱ्यात तो खाली निमुळता होत जातो. एकासाठी बनवलेली पात्याची खुंटी दुसऱ्यात बसत नाही. मुलांच्या बारीक दांड्यांसाठी पातीही वेगळी असतात. म्हणून दांडा घेण्यापूर्वी त्याला बसणारी पाती हव्या त्या वक्रतेत दुकानात नियमित मिळतात काय, याची खात्री करावी. पातेच मिळाले नाही, तर चांगला दांडाही अडगळीत जातो.

लवचिकता आणि लांबी

दांड्यावर छापलेला 'फ्लेक्स'चा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवण्यास लागणारा जोर, पौंडांत. ८५ फ्लेक्सच्या दांड्याला सुमारे ३८ किलोचा भार लागतो. शरीराच्या पौंडांतील वजनाच्या निम्मा आकडा घ्यावा, हा ढोबळ नियम रूढ आहे. ७० किलो, म्हणजे सुमारे १५४ पौंड वजनाच्या खेळाडूस ७५ च्या आसपासचा फ्लेक्स योग्य. दांडा अति ताठ असेल तर तो वाकत नाही आणि फटक्यात जोर येत नाही.

लांबीसाठी साधी खूण अशी : अनवाणी उभे राहिल्यास स्टिकचे वरचे टोक नाकापर्यंत, तर स्केट्स घातल्यास हनुवटीपर्यंत यावे. दांडा कापल्यावर तो अधिक ताठ होतो, वर लाकडी तुकडा जोडल्यास अधिक लवचिक भासतो. जोडीच्या स्टिकमध्ये पाते बसवल्यानंतरच लांबी मोजावी व मगच वरच्या टोकाकडून कापावे.

पात्याची पारख

मैदानी हॉकीत स्टिकची सपाट बाजू एकच असते व डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. बर्फावर मात्र डाव्या व उजव्या अशा दोन्ही वळणांची पाती मिळतात. खोल वक्रतेने पक उचलणे सोपे होते, पण उलट्या बाजूने पास देणे कठीण जाते. नवशिक्याने मध्यम वक्रता निवडावी. नॅशनल हॉकी लीगमध्ये वक्रतेची कमाल मर्यादा पाऊण इंच आहे.

दांडा व पाते यांमधील कोनाला 'लाय' म्हणतात. पात्याखालची टेप टाचेकडे अधिक झिजत असेल, तर कमी आकड्याची लाय घ्यावी. टोकाकडे झिजत असेल, तर अधिक आकड्याची.

पाते बदलताना

सांधा उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाचा असतो. हीट गन सतत फिरवत ठेवून सांधा तापवावा, गोंद सैल होताच पाते ओढून काढावे. मग नव्या पात्याच्या खुंटीवरील गोंद तापवून ते सरळ रेषेत बसवावे व पूर्ण गार होऊ द्यावे. उघड्या ज्योतीचा वापर टाळावा. अति उष्णतेने रेझिन कमकुवत होते आणि दांडा पुढे त्याच जागी मोडतो. नवे पाते बसवण्यापूर्वी दांड्याच्या टोकाला चीर नाही ना, हेही पाहावे. चिरलेला दांडा फटक्याच्या वेळी तुटून इजा करू शकतो.

हा खेळ केवळ परदेशातला राहिलेला नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर तो आवडीने खेळला जातो आणि भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. साहित्याचे दुकान जेथे हाकेच्या अंतरावर नाही, तेथे पिशवीतील दोन सुटी पाती खेळाडूचा अख्खा हंगाम वाचवू शकतात. स्टिक निवडताना किमतीबरोबरच हाही विचार व्हायला हवा.