ऑटोक्रॉसचे टायर : गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह असेल तर

विदर्भातल्या बुटीबोरी एमआयडीसीत सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना आहे, त्यामुळे आपल्याकडे टायरवर बोलणारे पुष्कळ. ऑटोक्रॉसच्या टायरबद्दल मात्र गैरसमजच जास्त.

ऑटोक्रॉस म्हणजे शंकूंमधून एका वेळी एकच गाडी आणि फेरी जेमतेम मिनिटभराची. तेवढ्यात टायर पुरता तापत नाही. म्हणून सर्किटवरचे, चांगले तापल्यावरच धरणारे टायर इथे उपयोगाचे नाहीत. थंड असतानाच पकड देणारे मऊ रबर हवे. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. 400 चा टायर टिकतो, 200 चा लवकर झिजतो पण वळणात धरतो. अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या स्ट्रीट वर्गात किमान 200 ची अट आहे. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, तेव्हा दोन कंपन्यांची तुलना त्यावरून नको.

रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये मागच्या टायरवर दुहेरी काम असते: वळणात गाडी धरायची आणि इंजिनची ताकदही रस्त्यावर उतरवायची. मागे रुंद, पुढे अरुंद टायर लावले की मागची पकड वाढते, पण गाडीचे नाक वळत नाही. शंकूंच्या अरुंद वाटेत मला चारही चाकांना एकच माप पटते. मागचा भाग निसटत असेल तर मागची हवा एक-दोन पीएसआय कमी करून बघा.

विदर्भातल्या मे महिन्यात डांबरच भाजते, तेव्हा फेऱ्यांच्या मध्ये टायरवर पाणी मारा आणि दाब पुन्हा मोजा. मातीवरच्या स्पर्धेला खोल नक्षीचाच टायर लागतो.

विकत घेताना टायरवरचे उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे वाचाच. 2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा. आणि सराव एमआयडीसीच्या रस्त्यांवर नको, परवानगी घेतलेल्या बंद मैदानावरच करा.