परक्या घरचा नाताळ : ओ-पेअरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

होळकरांच्या छत्र्यांवरून जिला नाव मिळाले, त्या इंदूरच्या छत्रीबागेतील मराठी घरांतूनही मुलींच्या परदेशगमनाचा विचार आता पूर्वीइतका अपूर्व राहिलेला नाही. आणि पदवी पदरात पडल्यावर एखादे वर्ष जर्मनीत राहून तिथली भाषा आत्मसात करावी, त्याकरिता ‘ओ-पेअर’ म्हणून एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळावी, अशी इच्छा मुलीने बोलून दाखवली, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनात अभिमान आणि भीती एकदमच जाग्या होतात. भीती विशेषेकरून सणासुदीच्या दिवसांची असते, कारण दिवाळी मुलीवाचून जाणार आणि पाठोपाठ येणारा नाताळ ती परक्यांच्या उंबऱ्याआड घालवणार, ही कल्पनाच मनाला सोसत नाही. परंतु हा अभिमान आणि ही भीती ज्या माहितीवर उभी असते ती बहुधा ऐकीव असते, आणि ऐकीव माहितीच्या भरवशावर मुलीची रवानगी करणे जितके अनुचित, तितकेच तिला अडवून धरणेही अनुचित होय.

पुढील विवेचनात जर्मनीचे नियम प्रमाण धरले आहेत. अन्य देशांचा शिरस्ता निराळा आहे: अमेरिकेत आठवड्याला 45 तासांपर्यंत काम असते, ब्रिटनने ओ-पेअरचा स्वतंत्र परवाना 2008 साली बंद केला, आणि नॉर्वेने 2024 मध्ये ही व्यवस्थाच मोडीत काढली. म्हणून एका देशाचा अनुभव दुसऱ्याला लावू नये.

गैरसमज : ही परदेशातील पगारी नोकरी आहे, वर्षभरात चांगली शिल्लक घरी येईल.

वस्तुस्थिती : कायद्याच्या दृष्टीने हे वास्तव्य भाषाशिक्षण आणि सांस्कृतिक परिचय यांसाठी आहे, आणि म्हणूनच मुलीला मिळणाऱ्या रकमेस वेतन न म्हणता हातखर्च म्हणतात. ही रक्कम दरमहा 280 युरो असते. त्याखेरीज स्वतंत्र खोली, दोन्ही वेळचे जेवण, आजारपण व अपघात यांचा विमा आणि भाषावर्गासाठी महिन्याला 70 युरो हा भार यजमान कुटुंबाने उचलायचा असतो. मुलगी आजारी पडली किंवा हक्काच्या रजेवर असली तरी हातखर्च थांबत नाही. उलटपक्षी, प्रवासाचे भाडे आणि परवान्याची 75 युरो फी हा खर्च सामान्यतः तिच्याच पदराचा. नाताळच्या बाजारात हिंडायचे, घरातील मुलांसाठी लहानशी भेट घ्यायची, सुट्टीत शेजारचे एखादे शहर पाहायचे, एवढे केल्यावर या रकमेतून शिल्लक ती काय उरणार? म्हणून कर्ज काढून मुलीला धाडणे आणि तिच्या हातखर्चातून ते फेडण्याचा हिशेब मांडणे हे तिच्यावर अन्याय करणारे आहे. जर्मनीतील मध्यस्थ संस्थेला ओ-पेअरकडून 150 युरोंहून अधिक मोबदला घेण्याची मुभा नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. जो कोणी इथे लाखांची आगाऊ मागणी करतो आणि भरघोस पगाराची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

गैरसमज : नाव नवे असले तरी ही जुनी आयाचीच चाकरी आहे.

वस्तुस्थिती : या समजुतीच्या मुळाशी एक खरे दुःख आहे, म्हणून ती तुच्छतेने झटकून टाकण्याजोगी नाही. साहेबांच्या मुलांना सांभाळीत हिंदुस्थानातील कितीतरी आया बोटीने विलायतेस गेल्या, आणि काम सरल्यावर परतीच्या भाड्याची तजवीज न करता त्यांतील अनेकींना लंडनमध्ये निराधार सोडून देण्यात आले. त्यांच्यासाठी तिथे चालवलेले ‘आयाज होम’ हे आश्रयगृह 1900 साली हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर आले, आणि त्या वास्तूवर 2022 मध्ये स्मृतिफलक बसला. या स्त्रियांची दैना ज्या उणिवांमुळे झाली, त्यांतील बऱ्याच उणिवा ओ-पेअरच्या व्यवस्थेत नियमांनी भरून काढल्या आहेत. इथे दोन्ही पक्षांच्या सह्यांचा लेखी करारनामा असतो, कामाची मर्यादा ठरलेली असते, आणि मुदतीपूर्वी निघून जाण्याचा हक्क मुलीच्या हाती असतो. मुलांना उठवणे, न्याहारी देणे, बालवाडीत पोचवणे आणि आणणे, त्यांच्याशी खेळणे, त्यांचे कपडे धुणे, हलकी आवराआवर करणे, ही तिची कामे. घरातील वृद्धांची वा रुग्णांची शुश्रूषा तिच्या कर्तव्यांत मोडत नाही.

गैरसमज : नाताळात सर्वांना सुट्टी, तेव्हा मुलीलाही सुट्टी, अथवा, सणात तिला दिवसभर राबावेच लागणार.

वस्तुस्थिती : दोन्ही मते अर्धी खरी आहेत, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. नाताळच्या सुमारास शाळा आणि पुष्कळशा बालवाड्या बंद असतात, मुले सबंध दिवस घरात असतात, पाहुण्यांची ये-जा वाढते; साहजिकच काम वाढण्याचा संभव असतो. परंतु दिवसाला सामान्यतः 6 आणि आठवड्याला 30 तास ही मर्यादा सणातही मर्यादाच राहते, आणि रात्री आईवडील बाहेर गेले असता मुलांजवळ बसण्याचा वेळ या तासांतच धरावयाचा असतो. जादा काम झाले तर त्याची भरपाई मोकळ्या वेळाने करणे क्रमप्राप्त आहे. आठवड्यातून दीड दिवस आणि चार संध्याकाळी मोकळ्या, आणि महिन्यातून किमान एक रविवार पूर्ण मोकळा, हा तिचा हक्क आहे. 25 व 26 डिसेंबर या जर्मनीत सार्वजनिक सुट्ट्या आहेत; परंतु भेटवस्तूंचा मुख्य सोहळा 24 तारखेच्या संध्याकाळी होतो, आणि तो दिवस कायद्याने सुट्टीचा नसल्यामुळे त्या दिवशीचे काम आधीच ठरवून घ्यावे.

रजेसंबंधी याहून सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. वर्षाला चार आठवड्यांची रजा ओ-पेअरला मिळते. आणि कुटुंब डोंगरात बर्फ पाहण्यास निघाले, मुलीलाही बरोबर नेले, म्हणून तेवढे दिवस तिच्या रजेतून वजा करता येत नाहीत, जर तिथे तिला मुले सांभाळावी लागत असतील किंवा तिने हजर राहावे अशी अपेक्षा असेल. तिथले निसर्गसौंदर्य कितीही रमणीय असले, तरी कामाचा दिवस हा कामाचाच दिवस.

गैरसमज : परक्यांच्या सणात मुलगी आपला आचार गमावील, अथवा, एवढ्या उत्सवात तिला एकटेपणा शिवणारही नाही.

वस्तुस्थिती : नाताळपूर्वीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती पेटवणे, 6 डिसेंबरच्या आदल्या रात्री संत निकोलससाठी मुलांनी बूट घासूनपुसून दाराशी ठेवणे, घरभर दालचिनीचा वास सुटेल अशी बिस्किटे भाजणे, या गोष्टींत सहभागी होण्याने कोणाचा धर्म बुडत नाही, आणि प्रार्थनेस जाण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. ओ-पेअरविषयी 1969 साली स्ट्रासबुर्ग येथे झालेल्या युरोपीय करारातही तिला स्वतःच्या उपासनेस पूर्ण वाव असावा, असेच तत्त्व आहे. शाकाहाराचे म्हणणे मात्र निवडीच्या पहिल्या संभाषणातच स्पष्ट सांगावे. सणाच्या पंगतीत ते प्रथम उघड होणे दोन्हीकडे संकोच उत्पन्न करते.

एकटेपणाची गोष्ट अधिक गंभीर आहे. दिवाळी तिथे कामाचा दिवस असते, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवून चार वाजण्याआधीच मावळतो. इंदूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीचे मन अशा वेळी उदास झाले तर तो तिचा दुबळेपणा नव्हे. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्याहून साडेचार तास मागे असते, म्हणजे छत्रीबागेत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे साडेचारच वाजलेले असतात, आणि ती बहुधा मुलांमध्ये गुंतलेली असते. फोन आला नाही म्हणून रागावण्यापेक्षा तिच्या मोकळ्या संध्याकाळी कोणत्या, हे आईवडिलांनी विचारून ठेवावे.

गैरसमज : जर्मनीतील ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे पाठवणे सर्वांत सुरक्षित.

वस्तुस्थिती : मायेपोटी सुचणारा हा मार्ग कायद्याने बहुधा बंद आहे. यजमान घराची भाषा जर्मन असावी लागते. ती त्यांची मातृभाषा नसून केवळ घरात बोलली जाणारी भाषा असेल, तर ओ-पेअर यजमानांच्या मूळ देशातील असून चालत नाही, आणि ती त्यांची नातेवाईकही असता कामा नये. मामा-मावशीकडे जाऊन मराठीतच बोलत राहिल्यास भाषा शिकण्याचा हेतूच निष्फळ होईल, हे त्यामागील कारण. मुलीलाही अर्ज करतेवेळी जर्मनचे प्राथमिक, म्हणजे ‘ए-1’ पातळीचे, ज्ञान दाखवावे लागते आणि तिचे वय 18 पूर्ण व 27 च्या आत असावे लागते. मध्य प्रदेशातील अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या कक्षेत येतात.

गैरसमज : तक्रार केली तर ताबडतोब परत पाठवतील, म्हणून वर्षभर सोसावे.

वस्तुस्थिती : या एका समजुतीने जितके नुकसान होते तितके अन्य कोणत्याही समजुतीने होत नसेल. दोन आठवड्यांची सूचना देऊन करार संपवता येतो, आणि गंभीर कारण असल्यास तत्काळही. परवान्याच्या उरलेल्या मुदतीत दुसरे कुटुंब शोधता येते, मात्र विदेशी नागरिकांच्या दप्तरास तसे कळवावे लागते. एकंदर मुदत एका वर्षाची असते आणि ही संधी एकदाच मिळते. पुढे शिक्षणासाठी राहावयाचे तर त्याच्या अटी स्वतंत्रपणे पुऱ्या कराव्या लागतात. पासपोर्ट सदैव मुलीच्याच ताब्यात असावा, तो ठेवून घेण्याचा अधिकार यजमानांस नाही. पोलिसांचा क्रमांक 110, रुग्णवाहिकेचा 112, आणि अत्याचारपीडित स्त्रियांसाठी अनेक भाषांत, मोफत, अहोरात्र चालणारी मदतवाहिनी 116 016. हे तिन्ही क्रमांक तिला मुखोद्गत असावेत.

करारनाम्याचा एवढा आग्रह धरला तर परक्या घरात जिव्हाळा कसा उत्पन्न होईल, अशी शंका काही सुजाण वाचकांस येईल. वस्तुतः जिथे तास, रजा आणि जबाबदाऱ्या आधी ठरलेल्या असतात, तिथेच मुलगी सणाच्या संध्याकाळी आपण होऊन, आनंदाने मुलांसोबत झाडाला दिवे लावते. जिथे काही ठरलेले नसते, तिथे तिच्या प्रत्येक मदतीची सक्ती होते आणि यजमानांच्या प्रत्येक विनंतीचा संशय येतो. म्हणून छत्रीबागेतील आईवडिलांना माझी कळकळीची सूचना अशी, की मुलीची सामानाची यादी करण्याआधी तिच्याजवळ बसून तो करारनामा ओळ न् ओळ वाचावा, 24, 25, 26 आणि 31 डिसेंबर या चार दिवसांची व्यवस्था त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, आणि दिवाळीतील एक दिवस आपल्या रजेतून तिला मिळावा, एवढे मागण्यास तिने संकोच करू नये, असे तिला निक्षून सांगावे.